कोपरगावच्या जिल्ह्यातले रणगाडे : ड्रोनच्या जमान्यात सैन्याची चिलखती वाहनं कशी बदलतायत?

कोपरगावहून शिर्डी, राहुरी करत मनमाड रस्त्याने खाली उतरलं की साधारण शंभर किलोमीटरवर नगर येतं. आताचं अधिकृत नाव अहिल्यानगर. कोपरगावकराचं या शहरात जाणं होतं ते कलेक्टर कचेरीच्या कामाला, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर दवाखान्याला. पण भारतीय लष्करासाठी या शहराची ओळख वेगळीच आहे. चिलखती दलात भरती झालेल्या जवानाला रणगाडा चालवायचा, त्यातली तोफ डागायची, बिघडला तर दुरुस्त करायचा हे सगळं जिथे शिकवलं जातं, ते गाव म्हणजे नगर.

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर युक्रेनच्या युद्धाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. काही हजार रुपयांचं, खेळण्यासारखं दिसणारं ड्रोन येतं, कोट्यवधींच्या रणगाड्यावर आदळतं आणि रणगाड्याचा वरचा घुमट झाकण उडावं तसा उडतो. त्याखाली हमखास एक कमेंट असते, "आता रणगाड्याचा जमाना संपला." मग भारत अजून रणगाड्यांवर हजारो कोटी का खर्च करतोय? आणि त्यातलं किती काम आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच राज्यात चाललंय?

नगरमध्ये नेमकं आहे काय?

एकाच शहरात तीन मोठ्या संस्था आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

पहिली आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल. रणगाडा दलाचं हे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून इथे आहे, पण नगरचं रणगाड्यांशी नातं त्याहून जुनं, इंग्रजांच्या काळातल्या टँक कोअरपासूनचं. दुसरी मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री म्हणजे चिलखती गाडीत बसून रणगाड्याच्या बरोबरीने जाणारं पायदळ. ही रेजिमेंट २ एप्रिल १९७९ ला उभी राहिली आणि तिच्यामागे जनरल के. सुंदरजी यांचा आग्रह होता. तिसरी संस्था व्हीआरडीई, म्हणजे डीआरडीओची वाहन संशोधन प्रयोगशाळा. तिचं मूळ १९२९ सालच्या, रावळपिंडीजवळच्या चकलाला इथल्या एका तपासणी केंद्रात आहे. फाळणीनंतर ते काम नगरला आलं. पुढे १९७६ मध्ये रणगाड्यांच्या संशोधनासाठी चेन्नईजवळ आवडीला सीव्हीआरडीई ही वेगळी प्रयोगशाळा निघाली आणि नगरकडे मुख्यतः चाकांवरची वाहनं राहिली. अर्जुन रणगाडा नगरला बनला असं अनेकजण सांगतात. ते खरं नाही. तो आवडीचा. नगरला त्याच्या चाचण्या झाल्या, त्याची तोफ गरजली.

व्हीआरडीईचा संबंध फक्त लष्कराशी आहे असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली नव्या वाहनाला मान्यता देण्यासाठी ज्या मोजक्या संस्था नेमल्या आहेत, त्यात पुण्याच्या एआरएआयच्या बरोबरीने व्हीआरडीईही आहे. रस्त्यावरच्या एखाद्या साध्या वाहनाच्या मॉडेलची चाचणीही याच आवारात झालेली असू शकते.

या सगळ्याशिवाय सामान्य माणसाला पाहता येईल अशी जागा म्हणजे कॅव्हलरी टँक म्युझियम. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून दुसऱ्या महायुद्धातल्या माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल रणगाड्यांपर्यंत आणि १९६५ मध्ये पाकिस्तानकडून हाती लागलेल्या पॅटनपर्यंत साधारण पन्नास वाहनं तिथे उभी आहेत. शिर्डीला येणाऱ्या लाखोंपैकी फार थोडे तिकडे वळतात, हे मात्र खरं.

रणगाडा म्हणजे तीन गोष्टींची ओढाताण

रणगाडा पहिल्यांदा युद्धात उतरला १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत. तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या रचनेचं कोडं तेच आहे. तोफ मोठी हवी, चिलखत जाड हवं आणि पळायलाही जमलं पाहिजे. यातलं एक वाढवलं की दुसरं कमी पडतं.

कोपरगावच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. गोदावरीकाठच्या काळ्या जमिनीत पाऊस झाल्यावर उसाने भरलेली ट्रॉली घातली की काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं. चाक रुततं, कारण सगळं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं. रणगाडा त्या ट्रॉलीच्या कितीतरी पट जड, पण त्याचं वजन लांब-रुंद पट्ट्यांवर पसरलेलं असतं. टी-९० रणगाडा जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.९ किलो दाब देतो. साध्या मोटारीच्या टायरखाली हाच दाब दोन किलोच्या आसपास असतो. म्हणजे ४६ टनांचा रणगाडा ओल्या रानातून निघू शकतो आणि कार अडकते.

पण पट्टे सगळे प्रश्न सोडवत नाहीत. पूल आला की एकूण वजनच मोजावं लागतं. एक गंमत अशी की आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावरचा पूल बांधताना इंजिनिअर जी प्रमाणित वजनं गृहीत धरतात, त्यातलं एक ७० टनांचं पट्ट्यांवर चालणारं वाहन असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत ते 'क्लास ७० आर' या नावाने आहे. रोज ज्या पुलांवरून आपण जातो, त्यांच्या हिशोबाच्या कागदात एक रणगाडा आधीच चालून गेलेला असतो.

आता भारताचे रणगाडे या हिशोबात बघा. टी-७२ चं वजन सुमारे ४१ टन, टी-९० चं सुमारे ४६ टन आणि अर्जुन मार्क १-ए चं थेट ६८ टन. अर्जुनचं चिलखत भक्कम आहे, आतली जागा ऐसपैस आहे, पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेने बनवलेली त्याची १२० मिलिमीटरची तोफ अचूक आहे. तरी लष्कराने तो मोठ्या संख्येने घेतला नाही. पंजाबातले कालवे, नदीवरचे पूल, रेल्वेच्या वाघिणी, सगळीकडे हे वजन आडवं येतं. युद्धात पूल स्वतःच घेऊन जावा लागतो. त्यासाठीची 'सर्वत्र' ही ७५ मीटरपर्यंत टाकता येणारी पूलप्रणालीही पुण्याच्या दिघीतल्या डीआरडीओ प्रयोगशाळेचीच.

मराठी माणसाचा रणगाड्याशी जुना संबंध

१९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची अक्षरशः स्मशानभूमी झाली. पॅटन त्या काळातला नवा, जाड चिलखताचा, अमेरिकी. समोर भारताच्या डेक्कन हॉर्सकडे होते दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन. त्या रेजिमेंटचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. उसाच्या उंच पिकात रणगाडे दडवून, शेतात पाणी सोडून, शत्रूला चिखलात ओढून भारतीयांनी ती लढाई जिंकली. वैद्यांना महावीर चक्र मिळालं, १९७१ मध्ये दुसऱ्यांदा मिळालं आणि १९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात खलिस्तानी अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली.

१९७१ च्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढले. जन्म पुण्याचा, वय २१. पेटलेला रणगाडा सोडायचा आदेश आला तरी तोफ चालतेय म्हणून ते थांबले आणि तिथेच गेले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. 'फामागुस्ता' नावाचा त्यांचा सेंच्युरियन रणगाडा नगरच्या केंद्रात जतन करून ठेवला आहे.

या दोन्ही गोष्टी रणगाड्यांच्या आधुनिकीकरणाच्या चर्चेत विसरून चालत नाहीत. असल उत्तरला नवी मशीन हरली आणि जुनी जिंकली, कारण जमीन, डावपेच आणि माणसं वेगळी होती. उलट बाजूही तितकीच खरी. जुन्या मशीनची किंमत आत बसलेला पोरगा चुकवतो.

घुमट उडतो तो का?

युक्रेनच्या व्हिडिओंमध्ये घुमट उडताना दिसतो, त्यामागे एक रचना आहे. टी-७२ मध्ये तीनच माणसं असतात : चालक, गनर आणि कमांडर. गोळा भरणारा चौथा माणूस नाही. त्याचं काम एक यंत्र करतं. घुमटाच्या बरोबर खाली, रणगाड्याच्या तळाशी एक गोल चक्र असतं आणि त्यात २२ गोळे आणि त्यांची दारू रचलेली असते. चक्र फिरतं, हवा तो गोळा वर येतो, तोफेत जातो. माणूस कमी झाला, रणगाडा बुटका आणि हलका झाला. सोव्हिएत इंजिनिअरांचा हिशोब त्या काळासाठी चोख होता.

पण चिलखत भेदून एक ठिणगी त्या चक्रापर्यंत पोचली की सगळा साठा एकदम पेट घेतो आणि दाबाला वाट मिळते ती फक्त वरून. गनर आणि कमांडर त्या चक्राच्या वरच बसलेले असतात.

भारतीय वाचकाने हे परक्याचं दुखणं समजू नये. आपल्याकडचे बहुतांश रणगाडे टी-७२ म्हणजे 'अजेय' आणि टी-९० म्हणजे 'भीष्म' आहेत, आणि दोन्हींत दारूगोळ्याचं चक्र तिथेच आहे. अर्जुनमध्ये चार माणसं असतात आणि दारूगोळा वेगळ्या बंदिस्त कप्प्यांत असतो. वजनाचा दोष सांगताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

आणि ड्रोन वरून का येतं? कारण रणगाड्याचं जाड चिलखत पुढे असतं. समोरून येणाऱ्या शत्रूसाठी ते रचलेलं असतं. छत पातळ असतं. अमेरिकेचं जॅव्हेलिन क्षेपणास्त्र म्हणूनच आधी वर चढतं आणि मग खाली झडप घालतं. ड्रोनने तेच काम स्वस्तात केलं. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानने तुर्की ड्रोनने आर्मेनियाचे रणगाडे टिपले, तेव्हा पहिली घंटा वाजली होती. युक्रेनला मिळालेले अमेरिकी अब्राम्स रणगाडेसुद्धा एप्रिल २०२४ मध्ये ड्रोनच्या धोक्यामुळे आघाडीवरून मागे घ्यावे लागले होते. तेव्हा फक्त रशियन रणगाडे वाईट, असंही नाही.

मग उपाय काय निघाले?

सगळ्यात साधा उपाय सैनिकांनीच काढला. रणगाड्यावर लोखंडी जाळीचा मांडव घातला. दिसायला विचित्र, पण ड्रोन जाळीवर फुटलं तर स्फोटाचा जोर चिलखतापर्यंत पोचताना विस्कटतो. सुरुवातीला याची खूप टिंगल झाली. नंतर दोन्ही बाजूंनी तेच केलं.

दुसरा उपाय जुना आहे आणि तो महाराष्ट्रात बनतो. रणगाड्याच्या अंगावर विटा चिकटवल्यासारखे चौकोनी डबे दिसतात ना, त्याला म्हणतात स्फोटक प्रतिक्रिया चिलखत, ईआरए. प्रत्येक डब्यात दोन पत्र्यांच्या मध्ये स्फोटकाचा थर असतो. शत्रूचा गोळा आदळला की डबा बाहेरच्या दिशेने फुटतो. रणगाडाविरोधी गोळ्यातून वितळल्यागत धावणारी तांब्याची बारीक धार या स्फोटाने तुटते आणि आतलं मूळ चिलखत वाचतं. भारताचं ईआरए पुण्याच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेने विकसित केलं.

यावर तोड म्हणून दुहेरी स्फोटकाचं क्षेपणास्त्र आलं. पहिला छोटा स्फोट डबा फोडतो, दुसरा चिलखतात घुसतो. २२ सप्टेंबर २०२० ला नगरजवळच्या के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून असंच लेझरच्या वाटेने जाणारं क्षेपणास्त्र डागण्यात आलं आणि त्याने तीन किलोमीटरवरचं लक्ष्य भेदलं. पुढे २०२२ मध्ये याच रेंजवर त्याच्या आणखी चाचण्या झाल्या. बनवणाऱ्या तीन प्रयोगशाळांपैकी एआरडीई आणि एचईएमआरएल या दोन पुण्याच्या, तिसरी डेहराडूनची आयआरडीई. ढाल आणि तिच्यावरची तलवार, दोन्ही पुण्यात घडतात.

तिसरा उपाय सगळ्यात महाग. रणगाड्यावर चारही बाजूंनी छोटी रडार बसवायची. काही आपल्याकडे येताना दिसलं की एका क्षणात त्याच्यावर छर्‍यांचा मारा करून ते वाटेतच फोडायचं. इस्रायलची 'ट्रॉफी' यंत्रणा यासाठी प्रसिद्ध आहे आणि ती २०११ पासून प्रत्यक्ष लढाईत वापरली गेली आहे. अडचणी आहेतच. छर्‍यांमुळे शेजारून चालणारं आपलंच पायदळ जखमी होऊ शकतं, मारे मोजकेच असतात आणि सरळ वरून येणारं ड्रोन पकडायला ती मुळात बनलेली नव्हती. भारतीय रणगाड्यांवर अशी यंत्रणा अजून सरसकट बसलेली नाही. नव्या रणगाड्याच्या प्रत्येक चर्चेत मात्र तिचा विषय पहिल्या ओळीत असतो.

सिग्नल जॅम करून ड्रोन पाडणं हा चौथा मार्ग. त्यालाही बगल मिळाली. २०२४ पासून युक्रेनच्या आघाडीवर मागे केसाएवढी बारीक फायबरची तार सोडत जाणारी ड्रोन दिसू लागली. त्यांना रेडिओ सिग्नलच लागत नाही, मग जॅम काय करणार?

भारताचा खर्च कुठे चाललाय?

सरकारी निर्णय बघितले तर तीन वाटा दिसतात.

पहिली वाट जुन्याला नवं करण्याची. टी-७२ चं इंजिन ७८० अश्वशक्तीचं आहे. ७ मार्च २०२५ ला संरक्षण मंत्रालयाने रशियाच्या सरकारी कंपनीशी २४.८ कोटी डॉलरचा करार केला, टी-७२ साठी १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा. त्याच महिन्यात टी-९० ला १००० ऐवजी १३५० अश्वशक्तीचं इंजिन द्यायला तत्त्वतः मंजुरी मिळाली. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर डोळ्यासमोर आणा. टी-९० मध्ये असे वीस ट्रॅक्टर आहेत, नव्या इंजिनात सत्तावीस होतील. लडाखसारख्या उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाचा दम तुटतो, तिथे ही जादा ताकद कामी येते. इंजिनासाठी परदेशावरचं अवलंबित्व हा जुना सल आहे. अर्जुनचं इंजिनही जर्मन. भारताच्या स्वतःच्या १५०० अश्वशक्तीच्या इंजिनाची पहिली चाचणी २० मार्च २०२४ ला म्हैसूरच्या बीईएमएलमध्ये झाली. चाचणीच्या बाकावर चाललेलं इंजिन आणि रणगाड्यात वर्षानुवर्षं तगणारं इंजिन यांत बरंच अंतर असतं, हे इथे नोंदवायला हवं.

दुसरी वाट हलक्या रणगाड्याची. २०२० मध्ये गलवाननंतर भारताने टी-७२, टी-९० आणि बीएमपी-२ गाड्या लडाखला पोचवल्या. नेल्या, उभ्या केल्या, थंडीत चालवल्या, हे मोठंच काम होतं. पण समोर चीनकडे खास डोंगरासाठी बनवलेला टाइप-१५ हा हलका रणगाडा होता. त्यातून 'जोरावर' जन्माला आला. सीव्हीआरडीई आणि लार्सन अँड टुब्रो यांनी मिळून बनवलेला २५ टनांचा रणगाडा, जो जुलै २०२४ मध्ये गुजरातच्या हजिऱ्यात दाखवण्यात आला. त्याच वर्षी त्याने वाळवंटात आणि मग डिसेंबरमध्ये ४२०० मीटरहून अधिक उंचीवर तोफ डागली. दर टनामागे अश्वशक्ती काढली तर अर्जुन मार्क १-ए ला साधारण २१ येते आणि जोरावरला ३०. अर्थात चिलखत पातळ. ड्रोनच्या काळात पातळ चिलखताची गाडी बनवणं हा जुगार आहे, पण पठारावर पोचूच न शकणारा जाड रणगाडा त्याहून निरुपयोगी.

तिसरी वाट अगदी नव्या रणगाड्याची. ३ सप्टेंबर २०२४ ला संरक्षण खरेदी परिषदेने १७७० 'फ्युचर रेडी कॉम्बॅट व्हेइकल'ना मंजुरी दिली. टी-७२ ची जागा ती घेतील. मंजुरी म्हणजे ऑर्डर नव्हे. चाचण्या, किंमत, करार, कारखाना अशा पायऱ्या अजून पुढे आहेत. याची सवय लष्कराला आहे. अर्जुनचा प्रकल्प १९७४ मध्ये मंजूर झाला, पहिले १२४ रणगाडे लष्करात पोचता पोचता नवं शतक उजाडलं आणि सुधारित ११८ ची ऑर्डर सप्टेंबर २०२१ मध्ये निघाली. किंमत ७,५२३ कोटी. भागाकार केला तर एका रणगाड्याला सुमारे ६४ कोटी पडतात. आता नागपूरच्या कारखान्यात बनणारं 'नागास्त्र-१' बघा. साधारण नऊ किलोचं, सैनिकाच्या पाठीवर मावणारं, एक किलो स्फोटक घेऊन लक्ष्यावर जाऊन आदळणारं ड्रोन. २०२४ पासून ते भारतीय लष्कराला मिळू लागलं. असलं काही शत्रूकडेही असणार, हे धरूनच यापुढचा प्रत्येक रणगाडा आखावा लागेल.

चाकांवरच्या गाड्या, आणि गडचिरोलीचा धडा

रणगाड्याच्या वलयात चिलखती गाडी मागे पडते. खरं तर माणसं जास्त वाचतात ती हिच्यामुळे.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेडा इथे नक्षलवाद्यांनी रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट केला. पोलिसांचे १५ जवान आणि चालक जागीच गेले. ते एका साध्या खासगी वाहनातून निघाले होते.

भूसुरुंगाविरुद्ध पत्रा जाड करून भागत नाही. त्यासाठी गाडीच्या पोटाचा आकार बदलतात. सपाट तळाखाली स्फोट झाला की सगळा जोर सरळ वर येतो. तळ होडीसारखा, निमुळता केला की तो दोन्ही बाजूंना फाकतो. गाडी जमिनीपासून उंच ठेवतात आणि बसायच्या जागा तळाला न जोडता छतापासून किंवा भिंतीपासून टांगतात, म्हणजे तळ वाकला तरी पाठीचा कणा मोडत नाही. चाक जातं, इंजिन जातं, माणूस राहतो.

पुण्याच्या भारत फोर्जची 'कल्याणी एम-४' ही सुरुंगाच्या स्फोटापासून वाचवणारी चिलखती गाडी. १२ एप्रिल २०२२ ला पुण्यातच तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत ती आणि टाटांच्या चिलखती गाड्या लष्करात दाखल झाल्या.

नगरच्या व्हीआरडीईचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे 'व्हॅप', आठ चाकांचं चिलखती वाहन. टाटांबरोबर बनवलेलं आणि २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोत पहिल्यांदा दिसलेलं. आठही चाकांना ताकद मिळते, पाण्यात उतरलं तर तरंगत पुढे जातं, वर मशीनगनपासून मोठ्या तोफेपर्यंत गरजेप्रमाणे घुमट बसवता येतो. भारतीय लष्कराकडून मोठी ऑर्डर यायच्या आधी ती आली मोरोक्कोकडून, १५० गाड्यांची. २३ सप्टेंबर २०२५ ला मोरोक्कोतल्या बेरेशिद इथे टाटांच्या कारखान्याचं उद्घाटन संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झालं. नगरच्या माळावर जिच्या आराखड्यावर काम झालं, ती गाडी आता आफ्रिकेत बनते. आपल्या पायदळाचा मोठा भाग मात्र अजून सोव्हिएत आराखड्याच्या बीएमपी-२ मध्येच बसतो. तिची जागा घेणारी गाडी हवी, ही चर्चा पंधरा वर्षांहून जुनी आहे.

माणसाशिवाय रणगाडा?

२०१७ मध्ये सीव्हीआरडीईने 'मंत्रा' नावाचं विनाचालक पट्ट्यांचं वाहन दाखवलं. टेहळणीसाठी एक, सुरुंग शोधायला एक आणि अण्वस्त्र किंवा रासायनिक हल्ल्याच्या जागी पाठवायला एक, असे तीन प्रकार. बीएमपीच्याच सांगाड्यावर ते बनवलं होतं. रशियाने २०१५ मध्ये घुमटात माणूसच नसलेला आर्माटा रणगाडा परेडमध्ये मिरवला, पण युक्रेनमध्ये तो मोठ्या संख्येने कधी दिसला नाही.

पूर्ण विनाचालक रणगाड्याला अडवणारी गोष्ट साधी आहे. लढाईत पट्टा तुटतो, चिखल बसतो, ऐनवेळी सिग्नल जातो. तीन-चार माणसं उतरतात, घाम गाळतात आणि पट्टा चढवतात. ते काम करणारा रोबो अजून कोणाकडे नाही. त्यामुळे जवळच्या काळात दिसेल ते मिश्रण असेल : माणसं बसलेला एक रणगाडा, त्याच्या पुढे टेहळणीला त्याचीच ड्रोन आणि एखाददुसरी विनाचालक गाडी. नगरच्या प्रशिक्षण केंद्रात येणाऱ्या पोरांना त्यामुळे पुढे क्लच-गिअरइतकंच स्क्रीनवरचं कामही शिकावं लागणार.

के. के. रेंज आणि शेजारची गावं

हे सगळं कुठेतरी डागून बघावं लागतं. नगर तालुक्यातल्या खारे कर्जुने गावावरून ज्या माळाला के. के. रेंज हे नाव पडलं, तिथे रणगाड्यांचा सराव चालतो. आसपासच्या गावांना तोफांचे आवाज सवयीचे आहेत. भंगारासाठी न फुटलेले गोळे उचलायला जाऊन झालेल्या स्फोटांत माणसं दगावल्याच्या घटनाही या भागाने पाहिल्या आहेत.

तोफ लांब मारू लागली, क्षेपणास्त्र तोफेतून सुटू लागलं की सरावाची जागाही मोठी लागते. १९३८ च्या एका कायद्याखाली सरकार ठराविक मुदतीसाठी गावांच्या हद्दीत लष्करी सरावाची अधिसूचना काढू शकतं. राहुरी, नगर आणि पारनेर तालुक्यांतल्या वीसहून अधिक गावांवर अशी अधिसूचना आहे आणि मुदत संपत आली की दरवेळी तिथे एकच प्रश्न उठतो : आता जमीन कायमची जाणार का? २०२० च्या सुमारास या विस्ताराच्या चर्चेने मोठा विरोध उभा राहिला, ग्रामसभांचे ठराव झाले, विषय दिल्लीत संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. राहुरी तालुक्याने याआधी मुळा धरणाला, कृषी विद्यापीठाला आणि रेंजला जमीन दिलेली आहे. अधिसूचित क्षेत्रात जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते आणि पीकही तोच घेतो. पण विकायला गेलं की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, बँक कर्जाला कचरते आणि विहिरीवर, घरावर पैसा घालावा की नाही, हे घरातल्यांना ठरवता येत नाही.